हिरवळ लावली म्हणजे नदी होत नाही

पुण्यातल्या नदीकाठ प्रकल्पावर कुणी बोट ठेवले की समोरून ठरलेला प्रश्न येतो : "मग काय, आहे तशीच गटारगंगा ठेवायची का?" नागरिकांच्या बैठकीत हा प्रश्न येतो, टीव्हीवरच्या चर्चेत येतो, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर दर दोन दिवसांनी येतो. विचारणारा बहुधा प्रामाणिक असतो. नाक धरून पूल ओलांडायचा त्याला कंटाळा आलेला असतो, आणि तो कंटाळा रास्तच आहे. पण हा प्रश्न विचारताना दोनच पर्याय टेबलावर ठेवलेले असतात : एकीकडे जलपर्णी, दुसरीकडे जॉगिंग ट्रॅक. तिसरे काही असू शकते हे प्रश्नातच मोडीत काढलेले असते. त्या तिसऱ्या गोष्टीसाठी हा लेख.

प्रकल्प काय आहे ते आधी थोडक्यात. मुळा, मुठा आणि संगमाखालची मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरचा काठ. अंदाजित खर्च ४,७२७ कोटी रुपये. आराखडा अहमदाबादच्या साबरमतीचा काठ ज्यांनी केला त्यांचाच. भूमिपूजन ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले आणि संगमवाडी-बंडगार्डनच्या टप्प्यापासून काम सुरू झाले. दोन्ही बाजूंना भराव घालून बांधलेले उतार, पायऱ्या, दोन पातळ्यांवरचे पदपथ, पाणी अडवणारे बंधारे, आणि या सगळ्यावर हिरवळ व झाडे. टीकाकारांनी पर्यावरणाचा मुद्दा काढला की याच शेवटच्या बाबीकडे बोट दाखवले जाते. "लँडस्केपिंग आहे की प्रकल्पात!"

आहे ना. तीच तर तक्रार आहे.

मी लँडस्केपच्या धंद्यात आहे, म्हणून कामाची रीत सांगतो. मोठ्या प्रकल्पात सर्व्हे होतो, मग हायड्रॉलिक्सवाले पाण्याचे गणित करतात, मग स्ट्रक्चरवाले भिंतीचा, उताराचा छेद काढतात, मग रस्ता, दिवे, ड्रेनेज. लँडस्केपची शीट सगळ्यात शेवटी निघते. तोवर जमिनीचे सगळे निर्णय होऊन गेलेले असतात. उरते काय, तर काँक्रीटच्या कडेला तीन फूट रुंद मातीची पट्टी आणि "इथे काहीतरी हिरवे टाका" असा फोन. मग कॅडच्या लायब्ररीतला झाडाचा गोल उचलायचा आणि दर पाच मीटरला ठोकत जायचे. यादीत फॉक्सटेल पाम, डुरांटा आणि परदेशी लॉन. आणि हल्ली टीकेची सोय म्हणून "देशी प्रजाती" असा एक रकाना. याला लँडस्केप म्हणत असतील तर आचाऱ्याने शेवटी भुरभुरलेल्या कोथिंबिरीला स्वयंपाक म्हणावे लागेल.

परिसंस्थेचा विचार करणारी नगररचना नेमकी उलट्या क्रमाने चालते. इयन मॅकहार्ग यांनी १९६९ साली 'डिझाइन विथ नेचर' या पुस्तकात ती रीत मांडली. एखाद्या भूभागाचा खडक, माती, उतार, पाण्याच्या वाटा, पूरक्षेत्र, झाडोरा, प्राणी यांचे वेगवेगळे पारदर्शक नकाशे काढायचे, एकावर एक ठेवायचे, आणि कुठे बांधायचे, कुठे मुळीच बांधायचे नाही हे त्या गठ्ठ्याने सांगू द्यायचे. म्हणजे जमिनीची रचना पहिली आणि इमारत, रस्ता, पदपथ नंतर. आज ही रीत जगभरच्या वास्तुविद्या महाविद्यालयांत शिकवली जाते, आपल्याकडेही शिकवली जाते. महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर ती विसरायची असते, इतकेच.

आता काठ म्हणजे काय ते जवळून पाहू. औंध-बाणेरच्या बाजूला, राम नदी जिथे मुळेला मिळते त्या भागात, जुन्या काठाचे तुकडे अजून सापडतात. पाण्यालगत काळा खडक आणि गोटे, त्यांच्या फटीत लव्हाळे. पाणी संथ असेल तिथे पाणकणीस. थोडे वर वाळुंज, मुळे ओल्या गाळात आणि फांद्या पाण्यावर झुकलेल्या. त्याच्या मागे करंज, उंबर, जांभूळ. काठाच्या पोटातून ठिकठिकाणी झिरपे फुटलेले असतात. डोंगरउतारावर मुरलेले पाणी जमिनीखालून येऊन इथे नदीला मिळते, आणि उन्हाळ्यात मुळेत जे थोडे स्वच्छ पाणी असते त्यात याचाही वाटा असतो. पूर आला की लव्हाळे आडवे होते आणि खालची माती धरून ठेवते. वाळुंज लवते आणि मोडलेली फांदी गाळात रुतली तर तिला पुन्हा मुळे फुटतात. उंबराची फळे पाण्यात पडतात, मासे खातात. जिथे मातीची उभी दरड असते तिथे खंड्या चोचीने हातभर बोगदा कोरून आत अंडी घालतो. शेकाट्याला घोटाभर पाण्याची उथळ पुळण लागते, पाणकावळ्याला खोल डोह, वंचकाला दबा धरायला झुडूप.

यातली एकेक गोष्ट प्रकल्पाच्या नकाशात शोधून पाहा. बांधून काढलेल्या उतारात मातीची दरड नसते, म्हणून खंड्याला जागा नसते. बंधाऱ्याने पाणी एकाच पातळीला तुंबवले की उथळ पुळण बुडते, म्हणून शेकाट्या जातो. भरावाने काठाचे पोट बंद झाले की झिरपे मरतात. वर पदपथाच्या कडेला पुन्हा करंज लावला तरी त्याचा आणि नदीचा संबंध उरत नाही. तो रस्त्याकडेचा करंज होतो. इकॉलॉजिकल सोसायटीचे संस्थापक प्रकाश गोळे यांनी पुण्याच्या या नदीवरच्या पक्ष्यांचा अभ्यास काही दशकांपूर्वी केला होता. तेव्हाही नदी घाण होती. तरीही पक्षी येत होते, कारण पाणी बिघडले तरी काठाची घडण जागेवर होती. पाणी साफ करता येते, त्याची यंत्रे असतात. गाडली गेलेली पुळण आणि बुजलेले झिरपे परत आणणारे यंत्र अजून निघालेले नाही.

समर्थकांचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद पुराचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. ते म्हणतात, काटछेद मोजूनच काम केले आहे. पात्र साफ, गुळगुळीत आणि एकसारखे केले की पाणी वेगाने निघून जाते, झाडझाडोरा असला की अडते. यातले गणित खोटे नाही. झुडपांनी भरलेल्या काठाशी पाण्याची गती कमी होते आणि त्या जागी पातळी थोडी चढते, हे जलशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण गती कमी होणे हा दोष तेव्हाच ठरतो जेव्हा नदीला पसरायला जागा नसते. जागा असेल तर तोच गुण होतो, कारण पाणी काठावर रेंगाळते, जमिनीत मुरते आणि खालच्या गावांकडे टप्प्याटप्प्याने जाते. गुळगुळीत पात्रातून सुसाट निघालेले पाणी जाते कुठे, हे कुणी विचारत नाही. ते मुंढवा, मांजरी, थेऊरकडे जाते. तिथे राहणारी माणसेही महाराष्ट्रातच राहतात.

शिवाय पुण्याला पुराचे गणित कागदावर शिकायची गरज नाही. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर जुन्या पेठांना पाठ आहे. पण तो धरण फुटण्याचा प्रसंग होता, म्हणून बाजूला ठेवू. २५ जुलै २०२४ घ्या. त्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेकचा विसर्ग होता आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजल्यांत पाणी शिरले, लोकांना बोटींतून काढावे लागले. मुठेची निळी पूररेषा, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची रेषा, ६० हजार क्युसेक धरून आखलेली असते. १०० वर्षांच्या पुराची लाल रेषा एक लाख क्युसेक धरून. म्हणजे निळ्या रेषेच्या हिशोबाच्या जवळपास साठ टक्के पाण्यातच घरे बुडाली. भिडे पूल पाण्याखाली गेला की "पाऊस बरा झाला" म्हणणाऱ्या शहराला तो हिशोब त्या दिवशी समजायला हवा होता.

इतक्या कमी पाण्यात हे का झाले? काठावर वर्षानुवर्षे रात्रीतून ओतलेला राडारोडा, पूररेषेच्या आत सरकलेली बांधकामे, पात्रातले रस्ते, नदीपात्रात उभे राहिलेले मेट्रोचे खांब आणि धरणाच्या खालच्या पाणलोटातून येणारे, कुणाच्या नियंत्रणात नसलेले पाणी. आता उपाय काय सुचतो? राडारोडा उचला, पात्र मोकळे करा, पूररेषेच्या आत नवे काही येऊ देऊ नका. म्हणजे नदीकडून घेतलेले तिला परत द्या. यात उद्घाटनाची फीत कापायला काही नाही, म्हणून ते होत नाही. होते काय, तर पात्रात आणखी भराव.

इथे एक विसंगती अशी आहे की तिच्यावर हसावे की रडावे कळत नाही. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पिंपरी-चिंचवड महापालिकेने न्यायालयीन आदेशानुसार पाडले. लोकांनी आयुष्याची पुंजी घातलेली घरे होती ती. नियम नियम असतो, ठीक. पण सामान्य माणसाने निळ्या रेषेत वीट ठेवली तर बुलडोझर, आणि शेजारच्या महापालिकेने त्याच रेषेत मैलोन्मैल भराव घातला तर त्याला 'पुनरुज्जीवन' म्हणायचे, हा न्याय कुठला?

साबरमतीचा दाखला दिल्याशिवाय पुण्यातली कुठलीही चर्चा संपत नाही, तेव्हा तोही पाहू. अहमदाबादेत सुमारे ११ किलोमीटर लांबीत नदीची रुंदी एकसारखी २६३ मीटर करण्यात आली. दोन्ही काठांवर मिळून सुमारे २०० हेक्टर जमीन नव्याने मिळाली आणि तिचा काही भाग विकून खर्च काढण्याची योजना होती. काठावरची हजारो कुटुंबे हलवली गेली. संध्याकाळी तिथे फिरायला छान वाटते, यात वाद नाही. पण तिथे दिसणारे पाणी साबरमतीचे नाही. ते नर्मदेच्या कालव्यातून आणून वासणा बॅरेजने अडवलेले पाणी आहे. अहमदाबादने आपल्या नदीच्या जागी लांबट तळे बांधले, चांगले बांधले. त्याच बॅरेजच्या खाली तीच नदी सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी घेऊन काळी वाहते. गुजरात उच्च न्यायालयाने २०२१ साली स्वतःहून त्याची दखल घेतली आणि महापालिकेला वारंवार धारेवर धरले. ज्या प्रकल्पाला नदी सुधारणेचा नमुना म्हणून देशभर मिरवले जाते, त्याची नदी प्रकल्पाची हद्द संपते तिथे मरते.

बरे, नमुना घ्यायचाच तर जमीन तरी सारखी असावी. साबरमती सपाट, वाळूच्या गाळाच्या प्रदेशातली, वर्षातले बरेच महिने जवळपास कोरडी राहणारी रुंद नदी. मुठा बेसॉल्टच्या खडकातून उतरते, तिचा माथा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, जिथे पुणे शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो. वर टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला अशी चार धरणे. घाटमाथ्यावरचा पाऊस काही तासांत शहरात पोचतो. पुण्याला नर्मदेचा कालवाही नाही. मग बंधाऱ्यांत साठणार काय? शहराचे सांडपाणी पूर्ण शुद्ध होईपर्यंत साठणार ते सांडपाणीच. जपानच्या कर्जातून ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे आणि दिवसाला ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता उभी करण्याचा प्रकल्प २०१६ साली मंजूर झाला आणि पुढे कित्येक वर्षे रखडत राहिला. क्रम काय असावा हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. घरात गळती असताना आधी नळ दुरुस्त करतात की फरश्या बदलतात?

झाडांच्या बाबतीत तर आकड्यांचा खेळ चाललेला असतो. इतकी तोडणार, इतकी पुनर्रोपित करणार, त्याच्या कित्येक पट नवी लावणार. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावायची तरतूद आली. हेतू चांगला. परिणाम असा की साठ वर्षांचा नदीकाठचा उंबर आणि शहराबाहेरच्या माळावर ओळीने खोचलेली साठ रोपे यांची हिशोबवहीत बरोबरी होते. उंबराला भोके पडलेली असतात, त्यात पिंगळा राहतो. त्याच्या मुळांनी काठ बांधलेला असतो, त्याच्या सावलीने खालचे पाणी गार राहते. त्या साठ रोपांतली किती जगली हे पुढच्या उन्हाळ्यात जाऊन पाहणारे थोडे. २०२३ साली पुणेकर या झाडांसाठी 'चिपको' म्हणत रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांना "झाडवेडे" म्हणून उडवून लावण्यात आले. त्यांचा मुद्दा झाडांच्या संख्येचा नव्हताच. झाड कुठे उभे आहे हा त्यांचा मुद्दा होता.

आता समर्थकांच्या बाजूचे जे खरे आहे त्याकडे वळतो, कारण ते टाळून पुढे जाणे लबाडीचे होईल. पुण्यात चालायला जागा नाही. फुटपाथवर दुचाक्या, बागा छोट्या आणि वेळेच्या बंधनातल्या. दाट वस्तीतल्या बाईला संध्याकाळी पोरांना घेऊन मोकळ्या हवेत बसायला, म्हाताऱ्या माणसाला न धडपडता दोन किलोमीटर चालायला नदीकाठ हवा. तिथे उजेड हवा, भीती नको. पर्यावरणवाल्यांनी ही गरज पुरेशी मनावर घेतली नाही, अशी टीका कुणी केली तर मी तिला हो म्हणेन. काही मित्रांच्या बोलण्यात माणूस काठावर आलाच नाही तर बरे, असा सूर असतो. तो मला मान्य नाही.

पण त्या बाईला काठावर आणायला नदी अरुंद करावी लागत नाही. पायवाट काठाच्या वरच्या खांद्यावरून नेता येते, जिथे जागा नाही तिथे वरून अधांतरी पूलवजा वाट करता येते, आणि पावसाळ्यात बुडू शकेल अशी साधी मुरमाची वाट खाली ठेवून पूर आला की चार दिवस बंद करता येते. ओटे, बाक, दिवे हे सगळे काठाच्या मागच्या बाजूला बसते. पुण्याच्या नदीवर माणूस नव्याने आणायचाही नाही. तो आधीपासून आहे. दशक्रियेला येणारा, गणपती घेऊन येणारा, म्हशी धुणारा, गळ टाकून बसणारा. प्रकल्पाच्या चित्रातल्या धावणाऱ्या तरुणांत यातला एकही दिसत नाही, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

"हे सगळे परदेशात चालते," असे यावर म्हटले जाते. गंमत अशी की भिंती बांधायची हौस आपण तिकडूनच उचलली, आणि तिकडे आता त्या पाडायचे काम चालू आहे. बॉस्टन शहराने १८८० च्या आसपास फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्याकडे काम सोपवले ते बागेसाठी नव्हे. बॅक बे भागात भरतीचे पाणी आणि सांडपाणी मिळून दुर्गंधी आणि पूर अशी दोन्ही संकटे होती. ओल्मस्टेड यांनी तिथे खाऱ्या पाण्याची पाणथळ जमीन घडवली, वळणदार पात्र आणि पुराला पसरायला दलदलीचे काठ. ती इतकी साधी, निसर्गातली वाटे की पुढच्या पिढीला ते घडवलेले यंत्र आहे याचा विसर पडला. १९१० साली चार्ल्स नदीवर धरण झाले, खारे पाणी तुटले आणि ती रचना कोलमडली. लँडस्केप हे शहराच्या सोयींचे, गटार-रस्त्यांइतकेच, मूळ अंग असू शकते हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झाले होते आणि ते अंग कसे मारायचे हेही.

नेदरलँड्सचे उदाहरण पुण्याला जास्त जवळचे आहे. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर, ज्यातल्या दुसऱ्यात सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले, बांध आणखी उंच करायचे की नाही असा प्रश्न उभा राहिला. शतकानुशतके बांध घालून जगलेल्या त्या देशाने ठरवले की काही ठिकाणी आता मागे सरायचे. 'नदीला जागा' असे नावच त्या कार्यक्रमाला दिले. नाइमेखेन शहरापाशी वाल नदी बाटलीच्या मानेसारखी आवळली जाते. तिथे पलीकडच्या लेंट गावाकडचा बांध ३५० मीटर मागे नेला, नदीला नवे उपपात्र खोदून दिले, त्यासाठी पन्नासएक घरे हलवावी लागली. मधल्या जागेत तयार झालेल्या बेटावर आता लोक पोहतात, चालतात, मेळे भरवतात. पूर आला की बेटाचा सखल भाग बुडतो. बुडावा म्हणूनच तो तसा ठेवला आहे. लोकांना काठ मिळाला, आणि पुराची पातळीही उतरली. दोन्ही झाले ते नदी रुंद केल्यामुळे. आपण तेच दोन्ही साधायला निघालो आहोत ते ती अरुंद करून.

सिंगापूरने बिशान-आंग मो किओ उद्यानातून जाणारा कलांग नदीचा सरळ काँक्रीट कालवा फोडला आणि तिथे गवताळ, वळणावळणाची नदी वाहू दिली, २०१२ साली ते उघडले. सिंगापूरसारखे शिस्तीचे आणि काँक्रीटचे वेड असलेले शहर हे करते. चीनमध्ये कोंगज्यान यू या लँडस्केप आर्किटेक्टने 'स्पंज शहर' ही, शहराने पावसाचे पाणी शोषून घेण्याची, कल्पना सरकारी धोरणापर्यंत नेली. २०२५ च्या सप्टेंबरात ब्राझीलमध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर टीका करणारे २०२१ चे चंगचौ काढतात, जिथे एका तासात २०० मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडाले. टीका बरोबर आहे, इतका पाऊस कुठलाही स्पंज शोषणार नाही. कुठलीही पाइपलाइनही वाहून नेणार नाही. अशा दिवशी प्रश्न एवढाच उरतो की पाणी चढेल तिथे बुडायला झाडे आहेत की माणसांची अंथरुणे.

आणि परदेशच कशाला? माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून, कचरा टाकायच्या जागेवर उभे राहिले, १९९४ साली. सुमारे ३७ एकर. तिथे कचऱ्यावर माती घालून, देशी झाडे लावून, वाढू देऊन, आज रान झाले आहे. त्याच मिठीला २६ जुलै २००५ नंतर, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडल्यावर, लांबच लांब भिंती बांधल्या गेल्या. कुर्ल्याच्या क्रांतीनगरला मोठ्या पावसात आजही लोकांना हलवावे लागते. एकाच नदीवरचे हे दोन प्रयोग पाहायला लोकलचे तिकीट पुरते.

शेवटचा मुद्दा काठाच्या पलीकडचा. नदी काठावर सुरू होत नाही, टेकडीवर होते. कात्रजहून येणारा आंबिल ओढा नानासाहेब पेशव्यांच्या काळात वळवला गेला, पण वळवताना त्याला जागा दिली होती. आपण ती खाल्ली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याने ती मागितली, आणि पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. त्या रात्री पाणी धरणातून आलेले नव्हते. ते आपल्याच उतारांवरून, आपल्याच सोसायट्यांच्या काँक्रीटवरून आले. टेकड्यांवरचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण, ओढ्यांच्या कडा, शहरातल्या जुन्या विहिरी आणि नदीचा काठ हे एकच लँडस्केप आहे, आणि आपण त्याचे तुकडे वेगवेगळ्या खात्यांना वाटून दिले आहेत. टेकडी एकाकडे, ओढा 'नाला' म्हणून दुसऱ्याकडे, नदी तिसऱ्याकडे, झाडे उद्यान विभागाकडे. ४,७२७ कोटींपैकी काही वाटा ओढे मोकळे करायला आणि टेकड्यांवर पाणी मुरवायला गेला असता, तर नदी खाली आपोआप सुधारली असती. पण ओढा मोकळा केलेल्या फोटोत मंत्री चांगले दिसत नाहीत.

तेव्हा मागणी सरळ आहे. झालेल्या टप्प्यांवर वाद घालत बसू नये, तिथे जे वाचवता येईल ते वाचवावे. ज्या काठावर अजून भराव पडलेला नाही तिथल्या निविदा महापालिकेने थांबवाव्यात. आधी सांडपाणी, मग राडारोडा, मग पूररेषेची नव्याने आणि उघडपणे केलेली आखणी, आणि त्यानंतर काठाचा आराखडा, ज्यात लँडस्केपची शीट पहिली असेल. माझ्या व्यवसायबंधूंना एवढेच एक सांगणे : भरावावर हिरवळ काढून द्यायचे काम आले तर ते नाकारा. आपल्या सहीशिवाय त्या चित्राला 'पर्यावरणपूरक' म्हणता येत नाही, आणि तोच आपल्या हातातला खरा अधिकार आहे.